सांभाळणाऱ्याचे तास

माझ्या दिरांना स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास आणि संशयाचा मानसिक आजार. मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा ते पंचविशीत होते, आता साठीला आलेत. सासूबाई होत्या तोवर सगळं त्याच बघायच्या. त्या गेल्या आणि गोळ्यांचा डबा माझ्याकडे आला. मी घरात ब्लाउज शिवते. नवरा साडेसातला बाहेर पडतो, मुलगी नोकरीला जाते, मग दिवसभर एका खोलीत मी, शिलाई मशीन आणि भावजी. ओपीडीच्या बाकावर नवीन बायका भेटतात, विचारतात, "वहिनी, एवढी सहनशक्ती आणता कुठून?" सहनशक्ती माझ्यात बेताचीच आहे, नवऱ्याला विचारा. मी तास मोजते, कागद तयार ठेवते आणि लोकांकडून कामं काढून घेते. ते कसं, तेवढं इथं लिहिते. आजार बायपोलर (कधी अति उत्साह, कधी नैराश्य) असो की तीव्र नैराश्य, वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्याला यातलं बरंच लागू पडेल. गोळ्यांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून वाचा. डोस घरी ठरवायचा नसतो.

आधी तास लिहून काढा

एक आठवडा वही ठेवा. जागेपणी तुम्ही आणि तुमचं माणूस समोरासमोर किती वेळ असता, तेवढंच लिहायचं. जेवण, टीव्ही, भांडण, नुसतं गप्प बसणं, सगळं धरून. रविवारी बेरीज करा.

मला हे एका समाजसेविका बाईंनी करायला लावलं आणि कारणही सांगितलं. लंडनमध्ये १९५०च्या दशकात जॉर्ज ब्राउन नावाच्या संशोधकाच्या लक्षात आलं, की बरे होऊन घरी गेलेल्या काही पेशंटांचा आजार पुन्हा उसळतो आणि त्याचा घरातल्या वातावरणाशी संबंध दिसतो. जिथं सतत टोचून बोलणं, राग, नाहीतर उलट टोक म्हणजे माणसाला श्वास घेऊ न देणारी काळजी, तिथं आजार जास्त उलटतो. पुढे १९७६ साली व्हॉन आणि लेफ या संशोधकांच्या अभ्यासात तासांची रेघ ठळक दिसली: आठवड्याला ३५. अशा तापलेल्या घरात ३५ तासांहून जास्त समोरासमोर राहणाऱ्यांना धोका सगळ्यात जास्त, गोळ्या बंद असतील तर आणखीनच. याचा अर्थ घरच्यांमुळे स्किझोफ्रेनिया होतो असा अजिबात नाही, आणि तसं कुणी सुनावलं तर ऐकून घेऊ नका. नंतर चंदीगडला अशीच पाहणी झाली तेव्हा आपल्याकडची घरं लंडनपेक्षा बरीच कमी टोचणारी निघाली. ऐकून बरं वाटलं. पण त्या पाहणीत लालबागची खोली नव्हती.

आठवड्याला ३५ म्हणजे दिवसाला पाच तास. एका खोलीत ते दुपारच्या जेवणाआधीच संपतात. दुसरी खोली कुठून आणणार? तेव्हा मी समोरासमोरचे तास कमी केले, सोबतीचे नाही. मशीन भिंतीकडून काढून खिडकीकडे तोंड करून ठेवलं. आता शिवताना माझी पाठ खोलीकडे असते, भावजी मागे कॉटवर असतात, आणि दोघांनाही कुणी आपल्याकडे बघत नाही याची मोकळीक मिळते. गॅलरीत एक खुर्ची त्यांच्या नावाची केली. सकाळचं दूध आणि पेपर ते आणतात. संध्याकाळी फॉल-बिडिंगच्या साड्या पोचवायचं आणि आणायचं काम त्यांचं, त्याचे पैसे मी त्यांना रोख देते. पैसे थोडेच, पण हिशेब पक्का. उशीर झाला तर मी फोन करत नाही. एक ठरलेली वेळ आहे, ती उलटून गेली तरच खाली उतरते.

हॉस्पिटलात व्यवसायोपचार विभाग किंवा डे-केअर असेल तर नक्की विचारा. आठवड्यातून दोन दिवस जरी गेलं तरी तुमच्या वहीतले कितीतरी तास कमी होतात, आणि त्यांनाही आपल्या घराबाहेरची चार माणसं मिळतात.

आता तुमचे स्वतःचे तास. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन तास, ठरलेल्या वारी घराबाहेर. "जमेल तेव्हा" म्हणालात की ते कधीच जमणार नाही. माझे वार मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी. रेशन, बँक, पिठाची गिरणी यात धरायची नाही. ती कामंच आहेत, चप्पल घालून केली म्हणून सुट्टी होत नाही. मी दादर सार्वजनिक वाचनालयात जाते, कधी राणीच्या बागेत जाऊन बसते (बुधवारी बंद असते, लक्षात ठेवा), कधी बेस्टच्या खिडकीत बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत आणि परत. पहिले काही वेळा मन घरातच अडकतं. अडकू दे. पाय बाहेर असले की मन मागून येतं.

त्या वेळात घरी कोण? इथं लाज सोडायला लागते. नातेवाईक म्हणतात, "काही लागलं तर सांग हं." ते वाक्य तसंच सोडू नका, त्याच फोनवर काम द्या. "महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार ते सात तू ये" असं वार-वेळेसकट. माझी नणंद डोंबिवलीहून येते. एका चुलत दिरांना घरात बसून राहणं जमत नाही, ते रक्ततपासणीचा खर्च उचलतात. पनवेलच्या भाच्याकडे सगळे ऑनलाइन अर्ज. शेजारच्या आजींना फक्त एवढंच सांगितलंय, की दुपारी दार उघडं असेल तर येता-जाता एकदा डोकवा. सगळ्या चाळीला आजार समजावत बसायची गरज नाही. आमच्या मजल्यावर तीन घरांना नीट माहीत आहे, बाकीच्यांना "औषध चालू आहे" एवढं पुरतं.

बोलायचं कसं

दिवसभर कॉटवर पडून राहणं, अंघोळीचा कंटाळा, चेहऱ्यावर काहीच न उमटणं, हा या आजाराचाच भाग आहे. भास-संशय गोळ्यांनी पुष्कळदा आटोक्यात येतात, हे मात्र चिवट असतं. लोकांना तो आळस वाटतो आणि टोमणे सुरू होतात. "किती लोळणार?" याऐवजी "चहा टाकलाय, दात घासून या." एका वेळी एकच गोष्ट. अंघोळ, दाढी, बँकेची सही असं एका दमात सांगितलं की तिन्ही राहतात.

भास झाले तर वाद घालायचा नाही आणि होकारही द्यायचा नाही. भावजींना कधी कधी वाटतं की मंडळाच्या स्पीकरवर आपलं नाव घेतायत. मी म्हणते, "मला नाही ऐकू आलं. पण तुम्ही घाबरलाय हे दिसतंय. आत बसू या?" एवढंच. पुरावे देत बसलात तर त्यांच्याकडे तुमच्याहून जास्त पुरावे असतात. आवाज ऐकू येणाऱ्या काहींना कानात इअरफोन घालून गाणी ऐकल्यानं आराम पडतो. आमच्याकडे जुनी नाट्यगीतं चालतात. मला ती आवडत नाहीत, म्हणून इअरफोनचा दुहेरी फायदा.

राग आला की मी "गॅलरीत जाते, दहा मिनिटांत येते" असं सांगून उठते. सांगून उठायचं, नुसतं निघून जायचं नाही. आणि दहा मिनिटांत यायचं.

झोप आणि गणपती

झोप हा घड्याळाचा काटा समजा. सलग दोन रात्री ते झोपले नाहीत तर मी तिसऱ्या रात्रीची वाट बघत नाही, डॉक्टरांना कळवते. तुमच्या झोपेचंही तसंच. रात्र-रात्र जागरण होणार असेल तर पाळी लावा: अर्धी रात्र नवऱ्याची, अर्धी तुमची. ज्याची पाळी नाही त्यानं खरोखर झोपायचं, एक डोळा उघडा ठेवून नाही.

लालबागमध्ये गणपतीचे दिवस म्हणजे रात्रंदिवस गर्दी, ढोल, लाइट. बाहेरून येणाऱ्यांना ती मजा, आमच्या घरात महिनाभर आधीपासून तयारी. श्रावणातल्या तारखेलाच डॉक्टरांना विचारून ठेवते, की झोप मोडली तर काय करायचं. बायपोलरच्या माणसाचा तर जागरणानंच आजार उसळू शकतो. काही वर्षं आम्ही भावजींना नणंदेकडे पाठवतो, काही वर्षं गावी नेतो. कोकणात जाताना गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवायच्या, एक पाकीट माझ्या पर्समध्ये, एक नवऱ्याच्या बॅगेत, सोबत प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स. गावात त्या गोळ्या मिळतीलच असं धरून चालू नका.

गावचं आणखी एक. तिथं कुणीतरी भगताकडे न्यायला निघतंच. मी भांडत नाही. अंगारा लावायचा तर लावा, गोळी बंद होणार नाही. मारणं, डांबणं, उपाशी ठेवणं, धुरी देणं यातलं काही निघालं तर मात्र तिथंच थांबवायचं. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. आणि "लग्न लावून द्या, सुधारेल" म्हणणाऱ्यांना मी थेट विचारते, "तुमच्या मुलीसाठी बघू का?" विषय संपतो.

गोळ्यांकडे लक्ष, पण पोलिसासारखं नाही

आठवड्याच्या खणांचा डबा घ्या, औषधाच्या दुकानात मिळतो. रविवारी दोघांनी मिळून भरायचा. रोज "घेतली का?" विचारण्यापेक्षा खण रिकामा आहे का ते बघणं सोपं, आणि त्यात अपमान नाही.

भाजीत, चहात गुपचूप गोळी मिसळणारी घरं मला माहीत आहेत. त्यांची अडचण मला कळते, तरी नका करू. कळलं की तुमच्या हातचं जेवणच बंद होतं. आधीच ज्याला विषाचा संशय येतो त्याला तुम्ही पुरावा दिल्यासारखं होतं. गोळी नको म्हणणाऱ्यांसाठी दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन असतं, त्याबद्दल डॉक्टरांशी त्यांच्या समोरच बोला.

भावजी क्लोझापिनवर आहेत, म्हणून त्याचं थोडं जास्त सांगते. या गोळीनं पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात, पुढे अंतर वाढवतात. घसा दुखून ताप आला तर क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून रक्त तपासायचं. दुसरं, बद्धकोष्ठता. ऐकायला किरकोळ, पण या गोळीवर ती जिवावर बेतू शकते. शौचाला किती दिवस झालं नाही हे संकोच न करता विचारा आणि डॉक्टरांना सांगा. तिसरं मला फार उशिरा कुणी सांगितलं: विडी-सिगारेटच्या धुरानं या गोळीचं रक्तातलं प्रमाण कमी होतं. म्हणजे अचानक सिगारेट सोडली की तोच डोस जड पडू शकतो. सोडणं चांगलंच, पण डॉक्टरांना आधी सांगून. तंबाखू चघळण्याचा असा परिणाम नाही, कारण तो धुराचा आहे.

बाकावर शेजारी बसणाऱ्या काकूंचा मुलगा लिथियमवर आहे, ही बायपोलरची गोळी. त्यांच्या वहीत लिहिलंय: मे महिन्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच फोन, अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी विचारल्याशिवाय नाही. हात जास्त थरथरायला लागले, चाल अडखळली, तर थेट हॉस्पिटल.

वाईट दिवसाचा कागद

बरे दिवस असतानाच, तुमच्या माणसाला शेजारी बसवून, एका कागदावर लिहा. आजार उसळण्याआधी काय दिसतं? आमच्या कागदावर आहे: झोप उडते, खिडकी बंद करतात, फॉल-बिडिंगचं काम टाळतात, टीव्ही आपल्याबद्दल बोलतो म्हणतात. यातली दोन दिसली की ओपीडी, तारखेची वाट न बघता. त्याखाली डॉक्टर आणि ओपीडीचे वार, चालू गोळ्या, कुणाला बोलवायचं, पोलीस आणि तातडीसाठी ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८. टेलि-मानस १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर, २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत. तो पेशंटसाठी आहे तसाच आपल्यासाठीही. मी रात्री फोन केलाय, माझ्याच रडण्यासाठी.

बहुतेक पेशंट कुणाच्या अंगावर जात नाहीत, पण तसा प्रसंग आलाच तर शौर्य नको. दाराच्या बाजूला उभं राहायचं, आतून कडी लावायची नाही, बाहेर पडून माणसं बोलवायची. माझी मोठी कात्री काम संपलं की कुलूपाच्या खणात जाते, चांगल्या दिवशीसुद्धा. रोजचीच सवय असली की तो संशय वाटत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या दोन गोष्टी करून ठेवा. एक, आगाऊ निर्देश: आजार वाढल्यावर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे पेशंटनं बरा असताना लिहून ठेवायचं. दोन, नामनिर्देशित प्रतिनिधी: त्यांच्या वतीनं बोलणारं माणूस त्यांनी स्वतः निवडायचं. भावजींनी माझ्या नवऱ्याला नाही, मला निवडलं, यावरून घरात थोडं हसू झालं. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत माणूस नसेल तर प्रतिनिधीच्या अर्जावर भरती करता येते, सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस, दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर. साखळीनं बांधणं याच कायद्यानं बंद आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, शिक्षा करायची नाही, हेही त्यात आहे. पोलिसांच्या भीतीनं हॉस्पिटलात न्यायचं थांबू नका.

घरातून निघून गेले तर? खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी कायम, मोबाईलमध्ये अलीकडचा फोटो. चोवीस तास थांबायला लागतं हा गैरसमज आहे, तक्रार लगेच द्या, रेल्वे पोलिसांकडेही. लोकलनं माणूस दोन-अडीच तासांत कर्जत-कसाऱ्याला पोचतो. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था करते. तिच्या डॉ. भरत वाटवानींना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पैसे

लांबवायचं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक सवलतींचं दार उघडतं. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात. निरामय विम्यासाठी लोक धावपळ करतात, पण ती योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगतेसाठी आहे, नुसत्या मानसिक आजाराला नाही. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, हे २०१७चा कायदा सांगतो, नकार आला तर तो लेखी मागा. वडील किंवा आई केंद्र सरकारी नोकरीत असतील तर कमवू न शकणाऱ्या मनोरुग्ण मुलाला वयाची अट न लावता कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. ती नोंद आई-वडील हयात असतानाच करून घ्या. आमचे सासरे गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर हाती काही आलं नाही, तेव्हा आमच्याकडे तो प्रश्नच नाही.

तुमचा स्वतःचा केसपेपर

भावजींच्या तारखेला मी माझाही बीपी तपासून घेते. हॉस्पिटलात येऊन स्वतःची तपासणी न करता परत जाणाऱ्या बायका मी दर खेपेला बघते. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, कशात मन लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तुमच्या नावाचा वेगळा केसपेपर काढा. मी काढलाय.

आणि आपल्यासारख्यांना भेटा. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत, ते सांभाळणाऱ्यांना शुभंकर म्हणतात. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. तिथं पहिल्या दिवशी काही बोलला नाहीत तरी चालतं. मला भावजींचा राग येतो, कधी कधी हे सगळं संपावं असं वाटतं, हे वाक्य बाहेर कुठं बोलता येत नाही. तिथं बोललं तर समोरचा मान हलवतो आणि पुढचा बोलायला लागतो.

आमच्यानंतर

आमची चाळ पुनर्विकासात जाणार, आज ना उद्या. खोली पागडीची, भाडेपावतीवर सासऱ्यांनंतर दोन्ही भावांची नावं. भावजींची सही कुठल्याही कागदावर घेण्याआधी वकील बघायचा, हे आम्ही ठरवलंय. मनोरुग्णाला आणि बाईला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्न न बघता. दारावर येऊन "ताई, इथं फक्त अंगठा" म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका. मृत्युपत्र करा, त्यात भावजींसारख्यांच्या राहण्याची सोय स्पष्ट लिहा, आणि ती पाहणारं माणूस तुमच्याहून वयानं लहान निवडा. मुलीवर सगळं टाकणार नाही असं मी तिला सांगितलंय. स्थळ आलं तेव्हाही आजाराचं आधीच सांगितलं. एका ठिकाणाहून नकार आला, दुसऱ्यांनी डॉक्टरांना भेटायला वेळ मागितला.

हे सगळं एका फाइलमध्ये आहे: वाईट दिवसाचा कागद, केसपेपर, यूडीआयडी, प्रतिनिधीचा कागद, मृत्युपत्राची प्रत. फाइल कपाटात वरच्या खणात, एक झेरॉक्स नणंदेकडे. दिवाळीच्या साफसफाईत ती झेरॉक्स नवी करायची, कारण वर्षभरात निदान एक तरी गोळी बदललेली असते.